ठराव क्रमांक एक : टीव्ही बदलणे



गेली दोन वर्षं आमच्या घरात एकच ठराव पुन्हा पुन्हा मांडला जात होता आणि दर वेळी नामंजूर होत होता. ठराव असा : बैठकीतला जुना टीव्ही काढून नवा घ्यावा. सूचक, पुण्यात नोकरी करणारा आमचा मुलगा. अनुमोदक, त्याची धाकटी बहीण. विरोधी पक्षात एकट्या माझ्या सासूबाई, वय वर्षं ७८. आपल्या घरांतली लोकशाही तुम्हाला ठाऊकच आहे. एका मताने ठराव बारगळायचा.

आमचं घर राम घाटाकडे उतरणाऱ्या एका गल्लीत आहे. टीव्ही घेतला २००४ च्या सिंहस्थाच्या तोंडावर. त्या एप्रिल-मेमध्ये नाशिक-पुण्याकडचे इतके पाहुणे येणार होते, की सासरे म्हणाले, "ज्यांना गर्दीत घाटावर उतरता येणार नाही, त्यांनी निदान घरात बसून शाहीस्नान बघावं." मग २९ इंची, काचेच्या जाड ट्यूबचा टीव्ही चौघांनी धापा टाकत जिन्यावरून वर आणला. २०१६ चा सिंहस्थही आम्ही त्यावरच पाहिला. पुढे सासरे गेले. तेव्हापासून टीव्हीवरचं क्रोशाचं कापड आई रोज सकाळी स्वतः झटकतात. त्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही.

मुलाने मात्र हार मानली नव्हती. दर सुट्टीत तो मोबाइलवर नवे तक्ते घेऊन यायचा. "आजी, ६५ इंची ओलेड घेऊ. काळा रंग कसा काळाकुळकुळीत दिसतो बघशील." आजी शांतपणे म्हणायची, "अरे, मला काळं बघून काय करायचंय? मला यात छान दिसतं." विषय संपला.

मीही आईंच्या बाजूने होते, हे कबूल करते. मला वाटायचं, सासऱ्यांची आठवण आहे, राहू दे. आवाज फार मोठा असायचा, तेवढीच माझी तक्रार. पहाटेची महाकालाची आरती सुरू झाली, की शेजारच्या घरापर्यंत ऐकू जायची. "आईंना आता कमी ऐकू येतं," असं आम्ही सगळेच म्हणायचो. एकदा तर मुलीने त्यांना हसत हसत हेडफोन आणून दिले होते.

गेल्या कार्तिकातली गोष्ट. कार्तिकात राम घाटावर दिवे सोडायला बायकांची गर्दी असते. आई दर वर्षी येतात. संध्याकाळी क्षिप्रेची आरती झाली आणि आम्ही दोघी पायऱ्यांवर बसून द्रोणातले दिवे पाण्यात सोडले. मी माझ्या दिव्याकडे बघत होते. पलीकडच्या काठाच्या निम्म्यापर्यंत तो व्यवस्थित गेला. आईंनी विचारलं, "माझा विझला का गं?" त्यांचा दिवा आमच्यापासून पाच-सहा हातांवर छान जळत होता. मी तसं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "आजकाल दिव्यांना जाळं धरतं बाई. सगळ्यांभोवती कसं कापसासारखं दिसतं."

पाणी थंड होतं, पण माझे पाय गार पडले ते त्या वाक्याने.

घरी आल्यावर मी प्रथमच नीट पाहिलं. आईंची वेताची खुर्ची टीव्हीपासून जेमतेम तीन फुटांवर होती. फरशीवर तिच्या पायांच्या जुन्या खुणा होत्या, एकामागे एक, दर खूण आधीच्या खुणेपेक्षा टीव्हीच्या जवळ. खुर्ची दोन वर्षांत हळूहळू पुढे सरकली होती आणि आम्ही तिला वळसा घालून झाडू मारत होतो. टीव्हीचा ब्राइटनेस बघितला, तर पूर्ण शंभरवर. यांना विचारलं. म्हणाले, "मीच वाढवत नेला. चित्र अंधारं वाटायचं." आणि आवाज? आई मालिका बघत नव्हत्या, ऐकत होत्या. कान उत्तम होते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू दाखवला. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग वयानुसार धूसर आणि पिवळसर होत जातं. दिव्यांभोवती वलयं दिसतात, उजेड डोळ्यांत खुपतो, निळा-जांभळा रंग फिका पडतो. हे इतकं सावकाश होतं, की बघणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याचं उदाहरण प्रसिद्ध आहे. मोतीबिंदू वाढला तशी त्याच्या बागेची चित्रं तांबूस-तपकिरी होत गेली. १९२३ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी शस्त्रक्रिया झाली आणि मग त्याला निळा रंग पुन्हा दिसू लागला. जगात ज्याचे डोळे सर्वांत तयार म्हणायचे, त्याची ही गत, तर आमची काय कथा!

गंमत म्हणजे आमच्या टीव्हीलाही तोच आजार होता. ट्यूबच्या टीव्हीत मागच्या निमुळत्या टोकाला लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांसाठी तीन इलेक्ट्रॉन गन असतात. त्यांतून निघालेले इलेक्ट्रॉन पडद्याच्या आतल्या फॉस्फरच्या थरावर आदळतात आणि तो थर उजळतो. वर्षानुवर्षं वापरून गनची ताकद कमी होत जाते, तिन्हींची सारखी नाही. मग चित्र मंद होतं आणि एका रंगाकडे झुकतं. आपण ब्राइटनेस वाढवत राहतो. धूसर डोळे धूसर पडद्याकडे बघत होते आणि दोघं एकमेकांना सांभाळून घेत होते.

डिसेंबरमध्ये उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, जानेवारीत डाव्या डोळ्याची. डोळ्यात भूल, आत नवं कृत्रिम भिंग आणि संध्याकाळी घरी. काही आठवडे डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, म्हणून नदीचं स्नान बंद. पट्टी निघाल्यावर आईंनी आधी स्वयंपाकघर पाहिलं आणि मला म्हणाल्या, "ओट्यामागच्या फरशा तू कधीपासून घासल्या नाहीस?" नवी दृष्टी म्हणतात ती ही!

मग त्या टीव्हीसमोर बसल्या. आरती लागली होती. पाच मिनिटं बघितली आणि विचारलं, "हा असाच होता? इतका पिवळा?" कापड उचलून घडी घातली, मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "पोराला फोन लाव. ठराव मंजूर."

त्या रात्री त्यांनी मला खरं कारण सांगितलं. "मला कळत होतं गं, की नीट दिसत नाही. टीव्ही जुना होता तोवर म्हणता येत होतं, टीव्हीच खराब झालाय. नवा आणला असता आणि त्यातही तसंच दिसलं असतं, म्हणजे?" दोन वर्षं आम्ही पडद्यावर वाद घालत होतो, आणि पडद्यावर तुम्हाला काय दिसतं, हा साधा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. मी तर रोज त्यांच्या शेजारी बसत होते.

असो. आता तरुण मंडळींसाठी कामाचं बोलते, कारण पुढचा महिनाभर माझा मुलगा व्हिडिओ कॉलवर आणि मी दुकानात, असा आमचा अभ्यास चालला. त्यातून हाती आलेलं थोडक्यात देते.

आधी खोली मोजा. जुना टीव्ही भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे येत होता. नवा भिंतीला चिकटून बसणार, म्हणजे तेवढी जागा मोकळी होते. आमचं अंतर झालं सहा फूट, म्हणजे ७२ इंच. त्याला दीड ते पावणेदोनने भागलं, की पडद्याचा अंदाज मिळतो. आमचं उत्तर आलं ४१ ते ४८. म्हणून ४३ इंच पुरे, ६५ चं खूळ गेलं. आणखी एक गंमत : आताचे चॅनेल रुंद चित्र दाखवतात आणि जुना पडदा जवळजवळ चौकोनी, त्यामुळे वरखाली काळे पट्टे यायचे. आमच्या २९ इंची डब्यात प्रत्यक्ष चित्र २५ इंचांच्या आसपासच होतं.

नावांना भुलू नका. "एलईडी टीव्ही" म्हणजे एलसीडीच, फक्त मागून उजेड एलईडीचा. "क्यूएलईडी" हाही त्याच घरातला, रंग अधिक खुलवणारा एक थर लावलेला. "मिनी एलईडी"मध्ये मागचे दिवे खूप लहान आणि गटागटाने मंद-प्रखर होणारे. ओलेड मात्र वेगळा. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा. अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघणाऱ्याने तोच घ्यावा. पण आमच्या खोलीत घाटाकडच्या खिडकीतून दिवसभर लख्ख उजेड, आणि आईंचं एकच दर्शनाचं चॅनेल तासन् तास सुरू. त्याच्या कोपऱ्यातलं चिन्ह जागचं हलत नाही. ओलेडवर अशा स्थिर चित्राची खूण कायमची उमटण्याचा धोका असतो. तेव्हा आमच्यासाठी साधा एलईडीच बरा. पाहुणे बाजूच्या दिवाणावरून बघतात, म्हणून तिरकं बसूनही रंग न उडणारा पडदा निवडला. हे दुकानात बाजूला उभं राहून लगेच कळतं.

पडदा ४के, म्हणजे आडवे ३,८४० आणि उभे २,१६० ठिपके, पण केबलवरचं जुन्या दर्जाचं चॅनेल त्यावर पसरट आणि धूसर दिसतं. पहिल्या दिवशी आईंचा चेहरा पडला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. दोष चॅनेलचा होता. एचडीचा सेट टॉप बॉक्स घेतला, लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांची वायर काढून एचडीएमआयची लावली आणि प्रश्न सुटला. दुकानातला भडक मोड बदलून साधा करा. सेटिंगमध्ये मोठी अक्षरं करायची सोय असते, ती करून द्या. टीव्ही फोटोसारखा उंच टांगू नका. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत पडद्याचा मध्य यावा, नाहीतर मान धरते. वीजबचतीचे तारे बघायला विसरू नका.

जुन्याचं काय करायचं, हा शेवटचा प्रश्न. तो रद्दीवाल्याला देऊ नका. ट्यूबच्या काचेत शिसं असतं. फोडली, की ते माती-पाण्यात जातं, आणि आमच्या गल्लीचं पाणी शेवटी क्षिप्रेतच उतरतं. घरी उघडूनही बघू नका, बंद केलेल्या ट्यूबमध्येही जबर विद्युतभार राहू शकतो. एक्स्चेंजमध्ये द्या किंवा ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात. २०२२ च्या नियमांनुसार अशा मालाच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवरही आहे. आमचा टीव्ही नेणारी दोन पोरं त्याचं वजन बघून चाट पडली. आईंनी त्यांना आधी पोहे-जलेबी खाऊ घातली, टीव्हीवर हळदीकुंकू वाहिलं आणि मग दाराबाहेर जाऊ दिलं.

महाशिवरात्रीला नव्या टीव्हीवर महाकालाचा शृंगार बघताना आईंनी फुलांचे रंग एकेक करून सांगितले. आवाज इतका कमी होता, की मलाच पुढे सरकावं लागलं. वेताची खुर्ची आता भिंतीला लागून आहे. क्रोशाचं कापड सासऱ्यांच्या फोटोखाली घातलंय.

तुमच्याकडेही असा एखादा ठराव अडकला असेल. दूर राहणाऱ्या मुलामुलींनो, पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा मॉडेलची यादी जरा बाजूला ठेवा. आजी-आजोबांच्या शेजारी बसा आणि विचारा, "खाली ती पट्टी सरकतेय, त्यात काय लिहिलंय?" खुर्ची कुठे आहे, आवाज किती आहे, तेही बघा. साठीनंतर वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या. सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते, पैशासाठी कोणाचं अडू नये.

२०२८ च्या सिंहस्थाला आमचं घर पुन्हा पाहुण्यांनी भरेल. आईंनी आत्ताच जाहीर केलंय, टीव्ही पाहुण्यांसाठी. त्या स्वतः घाटावर जाऊन बघणार आहेत.