चढलास खरा, पण उतरणार कसा?



आमची चौथी सहलीला खरोशाची लेणी बघायला गेली होती. डबे खाऊन होतात न होतात, तोच वरून हाक आली, "गुरुजी, उतरता येईना!" बघतो तर एक पठ्ठ्या दोन पुरुष उंच खडकाला चिकटलेला! जांभा दगड, जागोजाग भोकं. त्यात बोटं घालत गडी सरसर वर गेला होता. चढताना हात डोळ्यांसमोर असतात. उतरताना पाय ठेवायची जागा दिसतच नाही. मी खालून सांगत गेलो, "डावा पाय खाली घे... अजून चार बोटं..." तेव्हा कुठे स्वारी जमिनीला लागली. खरं सांगू? रागवायचंही सुचलं नाही. माझेच पाय लटपटत होते.

अशा कड्यांसाठी घर सोडणारी माणसं आहेत, ठाऊक आहे? हिवाळा लागला, की युरोपातले कितीतरी प्रस्तरारोहक व्हॅनमध्ये बिछाना, शेगडी, पाण्याचे कॅन भरून स्पेनला निघतात. तिथं थंडी सौम्य असते आणि गार खडकावर हाताला घाम कमी येतो. काही दिवस एल चोरोच्या घळीत, मग सिउराना, मग मार्गालेफ. सिउरानाचा खडक चुनखडीचा. मार्गालेफचा गोटे एकमेकांत घट्ट बसून झालेला, भोकाभोकांचा. नवा खडक म्हणजे बोटांना नवा धडा! रात्री व्हॅनमध्येच भात शिजवायचा, तिथंच झोपायचं. आपल्याकडे ऊसतोडीला निघालेलं बिऱ्हाडही असाच गाडीत संसार भरतं. पण ते पोटासाठी, हे हौसेसाठी. हा फरक लहान नाही हं!

स्पेनमधल्या ओलियानाच्या कड्यावर 'ला दुरा दुरा' नावाची वाट आहे, जगातल्या अतिअवघड वाटांपैकी एक. ती आखली अमेरिकेच्या ख्रिस शर्मानं. झेक देशाचा अॅडम ओंद्रा आणि तो, दोघं मिळून तिथं खटपट करत. फेब्रुवारी 2013 मध्ये ओंद्रा आधी चढला. शर्मा रुसून बसला नाही. मार्चमध्ये तोही चढला.

हे सगळं वर्गात सांगितलं, तर आमच्या त्याच पठ्ठ्यानं विचारलं, "गुरुजी, मग ते उतरतात कसे?"

बघा, ज्याचं जळतं त्यालाच कळतं! अहो, त्यांच्या कमरेला दोर असतो आणि दोराचं दुसरं टोक खालच्या सोबत्याकडे. वाटेत खडकात ठोकलेल्या खिळ्यांना ते दोर अडकवत जातात. हात सुटला, तर सोबती दोर आवळून धरतो. दोरही थोडा ताणला जाणारा असतो, म्हणून हिसका कमी बसतो. वर पोचल्यावर दोर कडीतून ओवायचा, मग सोबती हळूहळू सोडत खाली आणतो. निघण्याआधी दोघं एकमेकांच्या गाठी तपासतात. कितीही पटाईत असले, तरी रोज.

आणि एवढ्या लांब कशाला? कर्नाटकातल्या बदामीला, लेण्यांजवळच्या तांबड्या वालुकाश्मावर, देशोदेशीचे प्रस्तरारोहक येतात. हे ऐकल्यापासून तो पठ्ठ्या रोज विचारतोय, "गुरुजी, बदामीला एसटी जाते का?"



तुमचे गुरुजी, निलंगा