कोणता उपचार ‘आवश्यक’, हे कोणी ठरवायचे?



आरोग्य विमा म्हटले की हप्ता, हॉस्पिटलचे बिल आणि एजंट एवढेच डोळ्यांपुढे येते. हा स्त्री-चळवळीचा विषय आहे असे चटकन वाटत नाही. पण कोणाच्या शरीराची दखल घ्यायची आणि कोणाचे दुखणे ‘हौस’ म्हणून बाजूला सारायचे, याचा निर्णय आज विम्याच्या कागदांत होतो आहे. अमेरिकेतील ट्रान्सजेंडर व्यक्तींचा अनुभव हेच सांगतो. आपला देशही विम्याच्याच वाटेने निघाला आहे, म्हणून तो अनुभव नीट समजून घ्यायला हवा.

अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने ‘एचएमओ’ प्रकारच्या संस्थांना सरकारी उत्तेजन मिळाले आणि पुढे ‘मॅनेज्ड केअर’ची पद्धत देशभर पसरली. तिचे मूळ गणित असे: दर सभासदामागे ठरावीक रक्कम आधीच हाती येते, मग उपचारांवर जितके कमी खर्च होईल तितके शिल्लक राहते. त्यामुळे वाटेत पहारे बसतात. आधी नेमून दिलेल्या डॉक्टरची चिठ्ठी, मग कंपनीच्या यादीतलाच तज्ज्ञ, मग पूर्वपरवानगी. आणि या सर्वांवर एक प्रश्न: हा उपचार ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ आहे काय? त्याचे उत्तर बहुतेक वेळा रुग्णाला कधीही न पाहिलेली माणसे देतात.

हे पहारे स्त्रियांनाही चांगलेच ठाऊक आहेत. नव्वदच्या दशकात अशा योजनांमुळे बाळंतिणींना एका दिवसातच घरी धाडले जाऊ लागले. त्याविरुद्ध एवढा आवाज उठला, की १९९६ साली कायदा करावा लागला. साध्या बाळंतपणानंतर ४८ तास आणि सिझेरियननंतर ९६ तास, यापेक्षा कमी मुदतीची मर्यादा विमा योजनेला घालता येणार नाही, असे त्यात ठरले.

ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी मात्र पुष्कळदा दारालाच कुलूप होते. लिंगबदलाशी संबंधित कोणताही खर्च मिळणार नाही, असे एक वाक्य करारात घातले की काम भागत असे. वृद्धांसाठीच्या ‘मेडिकेअर’ या सरकारी योजनेने १९८९ साली या शस्त्रक्रिया ‘प्रायोगिक’ म्हणून वगळल्या. ही बंदी उठायला २०१४ साल उजाडले, तेही सैन्यात सेवा केलेली एक ७४ वर्षांची ट्रान्सजेंडर स्त्री दाद मागायला उभी राहिली तेव्हा.

कुलूप निघाले तरी पहारे राहतातच. मानसोपचारतज्ज्ञांची पत्रे आणा. यादीत अनुभवी शल्यचिकित्सक नसेल तर बाहेरचा खर्च स्वतः करा. तिथे विमा बहुधा नोकरीशी बांधलेला असतो, म्हणजे नोकरी बदलली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कागदावर ‘पुरुष’ असलेल्या पण गर्भाशय असलेल्या व्यक्तीची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी संगणकच नाकारतो. असे करता येणार नाही, हे तिथल्या सरकारला २०१५ साली वेगळे स्पष्ट करावे लागले.

खर्च परवडत नाही, ही सबब ठरलेली. सॅन फ्रान्सिस्को शहराने २००१ पासून आपल्या कर्मचाऱ्यांच्या विम्यात हे उपचार घेतले आणि त्यासाठी प्रत्येकाच्या हप्त्यात थोडी वाढ केली. पहिल्या काही वर्षांत सुमारे ५६ लाख डॉलर जमले. प्रत्यक्षात खर्च झाले चार लाखांहून कमी.

मिळालेला हक्क टिकेलच असेही नाही. कॅलिफोर्नियाच्या मॅनेज्ड केअर खात्याने २०१३ साली योजनांना सरसकट वगळणुका काढायला लावल्या. २०१६ साली केंद्र सरकारने तसाच नियम केला. २०२० साली तो मागे घेतला, २०२४ मध्ये पुन्हा आणला. जून २०२५ मध्ये सरकार बदलल्यावर नवा नियम निघाला: २०२६ पासून वैयक्तिक व लहान गटांच्या विम्यात हे उपचार ‘अत्यावश्यक लाभां’त धरायचे नाहीत.

याच महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीनांना असे उपचार देण्यावर बंदी घालणारा टेनेसी राज्याचा कायदा वैध ठरवला. तो खटला विम्याचा नव्हता. पण निकालात ज्या जुन्या निवाड्याचा आधार घेतला तो विम्याचाच आहे, आणि तो आपल्या परिचयाचा वाटावा असा आहे. १९७४ साली कॅलिफोर्नियाच्या एका विमा योजनेतून गरोदरपण वगळले होते. न्यायालय म्हणाले, हा स्त्रियांवर अन्याय नव्हे. योजना फक्त गरोदर आणि गरोदर नसलेल्या व्यक्तींत फरक करते! स्त्रियांना घराबाहेर ठेवण्यासाठी घडवलेली किल्ली पन्नास वर्षांनी दुसऱ्या दाराला लावली गेली. हा प्रश्न ‘त्यांचा’ की ‘आपला’, असे विचारणाऱ्या मैत्रिणींना आमचे हे उत्तर आहे.

आता आपल्याकडे पाहू. सप्टेंबर २०१९ मध्ये विमा नियामकाने वगळणुकींची प्रमाणित यादी काढली. शरीराची लक्षणे विरुद्ध लिंगाची करणारे उपचार तिच्यात सातव्या क्रमांकावर होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयीच्या कायद्याने शस्त्रक्रिया आणि संप्रेरक उपचारांसाठी सर्वंकष विमा योजनेचे आश्वासन दिले. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने आधीच काढून घेतलेले! ऑगस्ट २०२२ मध्ये ‘आयुष्मान भारत’खाली वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचा करार जाहीर झाला. पण आपल्याकडचा विमा मुख्यतः हॉस्पिटलात दाखल होण्याचा असतो. संप्रेरके वर्षानुवर्षे घ्यायची असतात, रक्ताच्या तपासण्या वारंवार करायच्या असतात. त्या खाटेवर न झोपताच होतात, आणि खर्च रुग्णाच्या खिशातून जातो.

म्हणून गटांनी काही कामे हाती घ्यावीत असे आम्हाला वाटते. आपल्या घरातील आणि कामाच्या ठिकाणच्या पॉलिसीतील वगळणुकींचे पान काढून वाचा, बैठकीत मोठ्याने वाचा. संघटित कर्मचारी असाल तर सामूहिक विम्याच्या बोलणीत हा मुद्दा मांडा. दावा नाकारला गेला तर कारण लेखी मागा. बाह्यरुग्ण उपचार विम्यात यावेत आणि सरकारी रुग्णालयांत ते मोफत मिळावेत, या मागण्या बाळंतपण, गर्भपात आणि कर्करोग तपासणीच्या आपल्या मागण्यांबरोबरच ठेवा. आणि ट्रान्सजेंडर साथींना व्यासपीठावर पाहुणे म्हणून न बोलावता मागणीपत्र लिहिताना सोबत बसवा.

‘माझे शरीर, माझा हक्क’ ही घोषणा आपण रस्त्यावर दिली. ‘आवश्यक’ या शब्दाचा अर्थ ठरवण्याचा अधिकार नफ्याच्या हिशेबाकडे राहिला, तर त्या घोषणेचा हक्क कागदावरही उरणार नाही.

– संपादक मंडळ