बंदूक घरची, सभासदत्व कोणाचे?

शस्त्रपरवानाधारकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या कुठल्या संस्थेचे सभासद व्हावे, अशी विचारणा अलीकडे आमच्याकडे वरचेवर होते. विचारणारे बहुधा साठी ओलांडलेले असतात. घरात वडिलांच्या नावावरची बारा बोअरची दुनळी असते, कुणाकडे ३१५ बोअरची रायफल, तर एखाद्या वाड्यात संस्थानी काळातली ठासणीची बंदूक. कुणीतरी सभासदत्वाचा कागद हातात ठेवलेला असतो, त्यावर वर्गणीचा आकडा असतो. घरची तरुण मंडळी म्हणतात, आधी ती कटकट विकून टाका. थोरल्यांचे मन मानत नाही.

ही घालमेल आम्हाला समजते. ग्वाल्हेर, इंदूर, देवास, धार, बडोदे इथली आपली बरीच जुनी घराणी शिंदे, होळकर, पवार, गायकवाड यांच्या चाकरीनिमित्त इकडे आली आणि शस्त्र त्या चाकरीबरोबरच आले. चाकरी गेली, जहागिरी गेल्या. खंडेनवमीला पूजेत मांडायला शस्त्र मात्र उरले. अशा घराला बंदूक चालवण्याचा हक्क नको असतो, ती घरातून जाऊ नये एवढेच हवे असते. कुठल्या संस्थेत जायचे हे ठरवताना पहिली गाठ इथेच सोडवली पाहिजे, कारण या दोन गरजा वेगळ्या आहेत आणि त्यांसाठी काम करणाऱ्या संस्थाही वेगळ्या आहेत.

आधी कायदा काय झाला ते पाहू. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीन बंदुका बाळगता येत होत्या. २९ नोव्हेंबर २०१९ रोजी लोकसभेत जे विधेयक मांडले गेले, त्यात ही संख्या एकावर आणायची होती. विधेयक ९ डिसेंबरला लोकसभेत आणि १० डिसेंबरला राज्यसभेत संमत झाले. मधल्या दहा-अकरा दिवसांत विरोध झाला. पंजाबचे तत्कालीन मुख्यमंत्री कॅप्टन अमरिंदर सिंग यांनी केंद्राला पत्र लिहिले, इतरांनीही हरकती घेतल्या. अखेर एकाच्या जागी दोन हा आकडा आला. वारशाने आलेल्या बंदुकाही याच दोनांत मोजायच्या, असे कायद्याने स्पष्ट केले. तिसरी बंदूक वर्षाच्या आत ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती.

या दहा-अकरा दिवसांत आपल्या समाजातून किती पत्रे गेली? आमच्या माहितीत एकही नाही. आपण मंडळाच्या सभागृहात गणपतीच्या देखाव्यावर दोन-दोन तास भांडतो. संसदेत आपल्या वाड्यातल्या वस्तूंचा निकाल लागत होता, तेव्हा आपल्याला वर्तमानपत्रातून कळले. म्हणून संघटित व्हावे की नाही, या प्रश्नाचे आमचे उत्तर होकारार्थी आहे. प्रश्न उरतो तो कोणाबरोबर, एवढाच.

आज आपल्यासमोर ढोबळमानाने दोन प्रकारच्या संस्था आहेत. पहिली राष्ट्रीय रायफल संघटना, म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया, आणि तिच्याशी संलग्न राज्य व जिल्हा संघटना. ही नेमबाजी खेळाची संस्था आहे. हक्कांसाठी मोर्चे काढणे हे तिचे काम नव्हे. तिची स्थापना १९५१ साली झाली आणि संस्थापक-अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. कोकणातून गुजरातेत स्थिरावलेल्या मराठी घराण्यातले दादासाहेब बडोद्यात जन्मले आणि उच्च शिक्षणासाठी अहमदाबादेत आले, म्हणजे अगदी आपल्यासारखेच. त्यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा आजही भरते. ती आपल्याच एका माणसाची आठवण आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

दुसऱ्या प्रकारात नॅशनल असोसिएशन फॉर गन राइट्स इंडिया ही संस्था आणि ठिकठिकाणची परवानाधारकांची मंडळे येतात. कायदा पाळणाऱ्या नागरिकाला परवाना सुलभ मिळावा, गुन्हे होतात ते बहुतांशी बेकायदा कट्ट्यांनी, तेव्हा जाच परवानाधारकाला का, असा त्यांचा युक्तिवाद असतो. त्यात तथ्य आहे. देशी कट्टे कुठे बनतात हे आपल्या माळव्यात आणि चंबळेकाठी शेंबड्या पोरालाही माहीत असते, आणि नोंदीत सापडतो तो मात्र पेन्शनर मास्तर. पण तथ्य असले म्हणून सगळाच युक्तिवाद गळी उतरवून घ्यायला नको.

ही मंडळी 'हक्क' हा शब्द वापरतात, त्याचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे. लिटनच्या काळातल्या १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना त्यातून मोकळे सोडले. तो अपमान काँग्रेसच्या पहिल्या पिढीला इतका झोंबला, की १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच त्याविरुद्ध ठराव झाला. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला गेला. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडातून घटना समितीत गेलेले हरि विष्णु कामत यांनी तो हक्क राज्यघटनेत यावा म्हणून दुरुस्ती मांडली. तिला उत्तर दिले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ज्यांचा जन्म इंदूरशेजारच्या महूचा. प्रत्येकाला बाजारात जाऊन हवे ते शस्त्र निर्बंधाविना विकत घेता येऊ लागले तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती फेटाळली गेली. आपल्या घटनेत एकत्र जमण्याचा हक्क आहे तोही शांततेने आणि शस्त्रांविना. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका जामीन प्रकरणात पुन्हा बजावले, की अमेरिकेप्रमाणे आपल्याकडे शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही.

तेव्हा जो कार्यकर्ता वर्गणी मागताना 'घटनेने दिलेला हक्क' म्हणतो, त्याला घटनेतले कलम दाखवायला सांगावे. ते तो दाखवू शकणार नाही. आपल्याकडे आहे तो परवाना. परवानाधारकालाही काही हक्क असतात, पण ते कार्यपद्धतीचे. अर्जावर मुदतीत निर्णय व्हावा, नकाराचे कारण मिळावे, अपील करता यावे. शहाणी संस्था या हक्कांसाठी झगडते.

उदाहरणार्थ निवडणुकीचे घ्या. आचारसंहिता लागली की सरसकट सगळ्यांना बंदुका जमा करा म्हणून सांगितले जाते. निवडणूक आयोगाच्या सूचनांत मात्र जिल्ह्याची छाननी समिती आहे. कोणाकडून शस्त्र जमा करून घ्यायचे, हे तिने जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंग्यांत सापडलेले अशांचा विचार करून ठरवायचे असते. पंचाहत्तरीच्या आजोबांना रिक्षातून बंदूक घेऊन ठाण्यावर जावे लागते आणि निकालानंतर ती गंजून परत मिळते, हा जाच एकट्याने बोलून थांबत नाही. जे मंडळ आयोगाचा कागद हातात घेऊन कलेक्टरी गाठते, त्याला आम्ही आनंदाने वर्गणी देऊ.

वारशाचे प्रकरण याहून नाजूक आहे, आणि आपल्या घरांतून बंदुका जातात त्या बहुतेक इथेच. वडील गेले की तेरावे होते, सातबारा-रजिस्ट्रीची धावपळ होते, बँकेची खाती बदलतात. परवाना कपाटातच राहतो. मुलगा पुण्यात किंवा बंगळुरात असतो. दोन-चार वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात येते, की मृत माणसाच्या नावावरचे शस्त्र घरात ठेवणे हा गुन्हा आहे. मग घाबरून ते येईल त्या किमतीला विक्रेत्याकडे जाते, नाहीतर मालखान्यात पडून राहते. २०१६ च्या शस्त्र नियमांत याला चांगली वाट दिली आहे. परवानाधारकाने सत्तरी गाठली, किंवा ते शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षे राहिले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. आपल्या वाचकांतले किती जण दोन्ही अटींत बसतात! वारसाला सुरक्षा प्रशिक्षण घ्यावे लागते आणि शस्त्र कुलूपबंद ठेवण्याची हमी द्यावी लागते. ते प्रशिक्षण मिळते मान्यताप्राप्त रायफल क्लबात.

ठासणीच्या बंदुकीचे आणखी वेगळे आहे. जी दुरुस्त करूनही चालणार नाही अशी जुनाट वस्तू मूळ कायद्याच्या ४५ व्या कलमानेच वगळलेली आहे, आणि फेब्रुवारी २०२० च्या नियमांनी 'क्युरिओ' वर्गातली लहान शस्त्रे विनापरवाना बाळगायला मुभा दिली. वापरायला किंवा नेण्या-आणण्याला मात्र परवाना लागतो. आपली वस्तू त्या वर्गात बसते की नाही, हे जाणकाराकडून लेखी करून घ्यावे. 'पणजोबांची आहे' हे ठाण्यात पुरत नाही.

या सगळ्याचा विचार करून आमचा कौल पहिल्यांदा जिल्हा रायफल संघटनेला आहे. तिथे शस्त्र हाताळायला शिकता येते. मान्यताप्राप्त क्लबाच्या सभासदाने सरावासाठी वापरलेली पॉइंट टू-टूची रायफल किंवा एअर रायफल दोनांच्या मर्यादेत मोजली जात नाही. शिवाय मुले-मुली खेळाकडे वळतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले. महूला सैन्याचे नेमबाजी केंद्र आपल्या उशाशी आहे. मात्र केवळ परवाना सोपा व्हावा म्हणून क्लबाचे कार्ड काढणारे पुष्कळ असतात. त्या रांगेत आपण उभे राहू नये.

हक्कवाल्या संस्थेत जायचेच असेल तर जावे, पण डोळे उघडे ठेवून. नोंदणी कुठल्या कायद्याखाली आहे, गेल्या तीन वर्षांचे तपासलेले हिशेब कुठे आहेत, पदाधिकारी निवडून येतात की नेमले जातात, त्यांत बंदुकांचे विक्रेते किती, हे विचारावे. विक्रेता असणे पाप नव्हे, पण त्याचे हित आणि आपले हित एक नसते. परदेशातला धडा ताजा आहे. अमेरिकेची नॅशनल रायफल असोसिएशन १८७१ साली नेम सुधारण्यासाठी निघाली. १९७७ च्या सिनसिनाटी बैठकीत राजकारणाच्या बाजूच्या सभासदांनी ती ताब्यात घेतली आणि ती देशातला बलाढ्य दबावगट झाली. २०२१ साली तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, तो न्यायालयाने फेटाळला. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने तिचे तीन दशकांचे सूत्रधार वेन लापियर यांना संस्थेच्या पैशाच्या गैरवापराबद्दल जबाबदार धरून ४० लाख डॉलरहून अधिक रक्कम परत करायला लावली. तो पैसा सभासदांच्या वर्गणीचा होता. मुलगा-सून तिकडे असलेल्या वाचकांनी हेही ध्यानात ठेवावे, की नावे सारखी असली तरी तिकडची ती संघटना आणि आपली १९५१ ची संघटना यांचा संबंध नाही.

ज्या संस्थेचा प्रचार शेजारच्या वस्तीचे भय घालून चालतो, तिच्या कागदावर सही करू नये. आपण दोन-अडीचशे वर्षे या गावांत राहिलो ते शेजाऱ्यांमुळे. आणि बंदुकीचा थाट मिरवण्याचे इकडे काय होते, ते आपण पाहतोच. २००८ साली शिवपुरीत नसबंदी करून घेणाऱ्याला बंदुकीचा परवाना लवकर देण्याची योजना निघाली होती. २०१९ साली ग्वाल्हेरात परवान्यासाठी दहा झाडे लावण्याची अट आली. म्हणजे माणूस बंदुकीसाठी काय काय करील, हे प्रशासनाने ओळखले होते. लग्नातल्या 'हर्ष फायर'ला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. या विषयावर गप्प बसणारी हक्कवादी संस्था आम्हाला विश्वासार्ह वाटत नाही.

कोडगूच्या कोडवांना मिळाली तशी सूट आपणही मागावी, असे बेळगावकडच्या काही मित्रांचे म्हणणे आहे. त्यांची सूट इंग्रजी अमदानीपासूनची आहे. केंद्राने ती २०१९ मध्ये दहा वर्षांसाठी, म्हणजे २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. आपण पाच राज्यांत विखुरलेलो आहोत. जातीच्या किंवा भाषेच्या नावाने बंदुकीची सूट मागणे आम्हाला पटत नाही, आणि ती मिळेल असेही वाटत नाही. खानापूर, जोयडा, सत्तरीच्या शेतकऱ्याला रानडुकरांपासून पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना कायद्यातच आहे. तो वेळेवर मिळावा म्हणून तिथल्या शेतकरी संघटनांनी जरूर आवाज उठवावा.

आपल्या मंडळानेच परवानाधारकांची शाखा काढावी, अशीही एक सूचना आली आहे. आम्ही तिच्या विरुद्ध आहोत. मंडळात बंदूक असलेले थोडे आहेत, नसलेले पुष्कळ, आणि घरात बंदूक नसावी असे मनापासून मानणारेही आहेत. कागदपत्रांची मदत मात्र मंडळ करू शकते. ज्यांच्या घरी परवाना दिवंगत माणसाच्या नावावर आहे, किंवा ज्यांच्या परवान्यावर युआयएन क्रमांक चढलेला नाही, त्यांनी मूळ परवाना, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची लेखी संमती घेऊन कार्यालयात यावे. बंदूक आणू नये.