काटा हलत नाही तेव्हा

वजन उतरत असतं तोवर मोबाइलमधल्या वजनाच्या आणि जेवणाच्या नोंदी जड जात नाहीत. आलेखाची रेघ खाली येते, अ‍ॅप शाबासकी देतं, भेटणारे विचारतात, "काय करतेस गं हल्ली?" कसोटी पुढे लागते. वजन ठरल्या जागी आलं की रेघ आडवी होते. आता रोजचं यश म्हणजे काहीच न घडणं. त्याचं कौतुक कोण करणार? कितीतरी जणींच्या नोंदी इथेच सुटतात.

शरीर मात्र झगडत असतं. वजन घटवून वर्ष उलटलं तरी भूक वाढवणारी संप्रेरकं चढीच राहतात, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं. म्हणूनच पुन्हा वजन वाढलेल्या माणसाला 'जिभेवर ताबा नाही' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

अमेरिकेत संशोधक रीना विंग यांनी वजन घटवलेल्या 314 जणांवर केलेला प्रयोग 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोज वजन करायचं आणि रंग बघायचा. वाढ 1.4 किलोंच्या आत असेल तर हिरवा, 2.3 किलोंपर्यंत गेली की लाल, मधे पिवळा. लाल आला की वजन घटवण्याचा क्रम पुन्हा सुरू. हिरव्यात टिकणाऱ्यांना छोट्या भेटी मिळत. म्हणजे काही न घडण्याचंही कौतुक! दीड वर्षानंतर नुसती पत्रकं मिळालेल्या गटात 72 टक्के लोकांचं वजन 2.3 किलो किंवा त्याहून जास्त वाढलं होतं. इंटरनेटवरून मार्गदर्शन घेणाऱ्यांत 55 टक्के, प्रत्यक्ष भेटणाऱ्यांत 46. यंत्राला माणसाची जोड हवी, असं मी यातून घेतलं.

मी आमटीच्या वाट्या मोजणं सोडलं आहे. सकाळचं वजन आणि आठवड्याची सरासरी, एवढंच ठेवते. लोणचं-पापडाच्या जेवणानंतर काटा चढतो तो मिठाने धरून ठेवलेल्या पाण्यामुळे, एका रात्रीत चरबी वाढत नाही. दिवाळीतही नोंद चालू ठेवावी, फराळ खाऊन. मात्र आकड्याने दिवस नासत असेल, जेवणाचीच भीती वाटत असेल, तर काटा उचलून ठेवावा आणि डॉक्टरांशी बोलावं.

माझी मावसबहीण आणि मी दर रविवारी एकमेकींना फक्त रंग कळवतो. सध्या ती पिवळ्यात आहे, म्हणून संध्याकाळचं चालणं आम्ही पुन्हा एकत्र सुरू केलं आहे.