अर्धा इंच गेला कुठे?

नळसामानाच्या दुकानातून अर्ध्या इंचाचा लोखंडी पाइप आणावा आणि घरी मोजून पाहावा. बाहेरचा व्यास सुमारे २१ मिलिमीटर भरतो, आतला सुमारे १६. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तो या पाइपात कुठेच सापडत नाही! मानकात याच पाइपाचे नाव ‘१५ मिलिमीटर’; तेही माप त्यात नाही. मोटारीच्या टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यांत आणि रिम इंचात. एका चाकाच्या तोंडी तीन भाषा! अभियंत्यांच्या विनोदबुद्धीला आम्ही दाद देतो.

परंतु हसून सोडून द्यावे असे हे प्रकरण नाही. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या एका विमानाला २२,३०० किलो इंधन हवे होते. विमान नव्या मेट्रिक पद्धतीचे. हिशेबात मात्र पौंडांचा जुना गुणक वापरला गेला. निम्म्याहून कमी इंधनावर विमान उडाले आणि आकाशातच त्याची दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते गिमली येथील जुन्या धावपट्टीवर कसेबसे उतरवले, म्हणून ६९ माणसे वाचली. पुढे सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेचे एक मंगळयान नष्ट झाले. करारात न्यूटन-सेकंद हे एकक ठरलेले असताना एका संगणक-प्रणालीने आकडे पौंडांत पुरवले होते.

या दोन्ही ठिकाणी मेट्रिक पद्धत नव्हती काय? होती, पण अर्धवट होती. ‘दोन्ही एकके ठेवावीत, ज्याला जे रुचेल ते त्याने घ्यावे,’ असे सांगणाऱ्या समन्वयवाद्यांना आमचे हेच उत्तर आहे. बोलण्यात ही उदारता शोभते. मानकात ती घातक ठरते. दोन मापे असलेले मानक हे मानकच नव्हे.

लोकांना सवय नाही, ही सबबही टिकत नाही. आपल्या देशाने १९५६ साली कायदा केला आणि १९५८ पासून मेट्रिक वजने बाजारात आली. शेर-मणांत वाढलेल्या आमच्या भाजीवाल्या मावशी किलो-ग्रॅम शिकल्या. जे त्यांना जमले, ते पदवीधर अभियंत्याला जमू नये? आणि ज्या इंचाचा एवढा अभिमान, तो तरी स्वतःच्या पायावर कुठे उभा आहे? १९५९ पासून इंचाची व्याख्याच २५.४ मिलिमीटर अशी आहे!

मात्र इंचाला २५.४ मिलिमीटरचा अंगरखा चढवला म्हणजे सुधारणा झाली, असेही नव्हे. नवे मानक मुळातूनच मेट्रिक असावे, त्यातील मापे सुटसुटीत असावीत आणि ते कारखान्यापासून दुकानापर्यंत एकच असावे.

वाचकहो, आपली कितीतरी मुले-मुली आज यंत्रशाळांत आणि बांधकामांवर काम करीत आहेत. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: एककावाचून आकडा लिहू नका, आणि दुसऱ्याने लिहिलेला स्वीकारू नका. त्या आकड्यावर विसंबून कोणीतरी विमानात बसणार आहे.