शिस्त कुणासाठी, कपबशी कुणाची?

जपानी चहागृहाचे व्हिडिओ आपली पोरं हल्ली कौतुकाने पाठवतात. शांतता, अदब, दोन्ही हातांत धरलेला वाडगा. "शिस्त असावी तर अशी!" मान्य. पण त्या खोलीचं दार पाहिलंत? सोळाव्या शतकातल्या सेन नो रिक्यूच्या परंपरेतलं ते दार इतकं बुटकं, की सामुराईलाही तलवार बाहेर ठेवून गुडघ्यांवर आत यावं लागे. आणि घट्ट चहाचा एकच वाडगा सगळ्या पाहुण्यांत फिरतो.

चहाची शिस्त आमच्या अंबड तालुक्यातही होती. माझे वडील गावच्या हॉटेलाच्या वळचणीला खोचलेली कपबशी स्वतः काढायचे, बाहेर उकिडवे बसून प्यायचे, धुऊन परत तिथेच खोचायचे. अस्पृश्यतेपोटी हॉटेलातली भांडी नाकारणं १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरवलं, तरीही!

जपान स्वर्ग नाही. बुराकूंना १९२२ साली सुईहेइशा उभारावी लागली. तरी तिथल्या दारात तलवारवाला वाकायचा, इथे वाकले ते माझे वडील.

आता त्या हॉटेलात कागदी कप आलेत. वळचण रिकामी, म्हणून जात गेली म्हणता? पुढच्या दौऱ्यात कागदी कप नाकारून काचेचा ग्लास मागा, आणि मालक तो कुठून काढतो ते बघा.