वादळात घरपट्टीही बुडाली

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा भागात छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. राज्य सरकारने रायगडला तातडीचे १०० कोटी जाहीर केले. पुढे पूर्ण पडलेल्या घराची मदत ९५ हजारांवरून दीड लाखावर, बागांची हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली. हे योग्यच झाले. आमचा प्रश्न वेगळा आहे. ग्रामपंचायतीचे आणि नगरपरिषदेचे स्वतःचे जे बुडते, ते कोणत्या मदतीत बसते?

वादळानंतर पहिले काम त्यांच्यावरच येते. झाडे तोडून रस्ता मोकळा करायचा, वीज नाही म्हणून टँकर आणायचा, शाळेवर ताडपत्री टाकायची. आपत्ती प्रतिसाद निधीत पंचायतीच्या सामुदायिक मालमत्तेच्या दुरुस्तीला जागा आहे, पण तो पैसा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, प्रस्ताव आणि मंजुरीच्या वाटेने येतो. वित्त आयोगाच्या निधीचा मोठा भाग पाणी-स्वच्छतेला बांधलेला. उरते घरपट्टी. ज्याच्या घरावर कौल नाही त्याच्याकडे ती कोणत्या तोंडाने मागायची? बुडालेल्या घरपट्टीसाठी मदतीच्या निकषांत रकानाच नाही.

इथे आपल्या लोकांचे नुकसान होते आणि ते कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे असा नियम आहे. उत्पन्न आटले की हे १५ टक्केही आटतात. मग बौद्धवाडीचा रस्ता आणि समाजमंदिराचे पत्रे कशातून होणार? बागवाल्याला मदत मिळते, कारण त्याच्याकडे सातबारा आहे. त्याच बागेत मजुरीला जाणाऱ्या आमच्या बाईची रोजी माडाबरोबर पडली. तिने हेक्टर कुठून आणायचा? (गायरानावर घर असेल तर तिच्याकडे बहुधा एकच कागद असतो, नमुना ८ चा उतारा. तोही ग्रामपंचायतीनेच दिलेला.)

काही मित्र विचारतील, ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचे आगार ठरवले, मग तुम्ही गावाच्या हातात पैसा कसा मागता? शंका रास्त आहे. गावकीच्या हातात बिनहिशेबी पैसा आम्हालाही नको. पण ७३ व्या घटनादुरुस्तीने आपले सरपंच, आपले सदस्य त्या खुर्चीवर बसले आहेत. त्यांच्या हाती रिकामी पेटी द्यायची आणि वर 'यांना कारभार जमत नाही' म्हणायचे, ही जुनीच चाल आहे.

म्हणून आमची मागणी नेमकी आहे. वादळग्रस्त ग्रामपंचायती आणि नगरपरिषदांची बुडालेली घरपट्टी राज्याने थेट त्यांच्या खात्यावर भरावी. त्यातला मागासवर्गीयांचा हिस्सा आधी बाजूला काढावा आणि खर्चाची यादी बौद्धवाडीत, आदिवासी वाडीत वाचून दाखवावी. पुढचा पावसाळा येण्याआधी हा शासन निर्णय निघाला पाहिजे.